तिच्या कानाचं माप

४ जानेवारी

कारखान्यात कॉम्प्युटर आला एकदाचा. इतके दिवस नुसतं येणार येणार चाललं होतं. खोक्यातून काढला आणि ठेवला कुठे, तर माझ्या खिडकीत! मालकीणबाई म्हणाल्या, "काका, तुमचं टेबल जरा आत सरकवू या का?" जरा म्हणजे पार भिंतीला टेकेपर्यंत. म्हटलं, सरकवा. नाही म्हणून सांगणार कोणाला? गंमत म्हणजे त्याला उजेड लागतच नाही. काचेवर चकाकतं म्हणून त्यांनी पडदाच ओढून टाकला. उजेड लागतो मला.

एरवी घरी येऊन हे सगळं हिला सांगितलं असतं. ही भाजी निवडत ऐकायची आणि मधेच "मग?" म्हणायची. त्या "मग?"वर माझा अर्धा राग उतरायचा. आता ही लेकीकडे, दुसऱ्या गावाला. बाळंतपणासाठी म्हणून गेली, नात रांगायला लागली तरी परत यायचं नाव नाही. म्हणून आजपासून या वहीशी बोलायचं ठरवलंय. बघू किती दिवस टिकतंय.

७ जानेवारी

कॉम्प्युटर चालवणारी मुलगी रुजू झाली. कारखान्यात सगळे तिला कॉम्प्युटरवाली म्हणायला लागलेसुद्धा. एका कानात पाच भोकं, दुसऱ्यात दोन. म्हटलं, बाई, हा हिशोब कसला? तर म्हणाली, "मूड, काका."

तिने पडद्यावर अंगठी फिरवून दाखवली. खालून, वरून, आतून. अंगठीच्या आत शिरून बाहेर बघता येतं. मी हे काम करतोय तेव्हापासून अंगठीच्या आत कधी शिरलो नव्हतो. पॉलिशवाला माझ्या खांद्यावरून बघत होता. म्हणाला, "काका, आता तुम्हाला काचेच्या कपाटात ठेवू आणि तिकीट लावू." सगळे हसले, मीही हसलो. हसलो नसतो तर लागलंय असं दिसलं असतं.

लागलं मात्र होतं. माझं काम काय, तर कागदावरच्या चित्राचा पहिला दागिना करायचा. मेणात कोरायचा, चांदीत ओतायचा, कानशीने साफ करायचा. तो झाला नमुना. त्यावरून साचा आणि साच्यावरून पुढचे सगळे. म्हणजे या कारखान्यातून जे जे बाहेर गेलंय, ते आधी माझ्या बोटांतून गेलंय. ती मुलगी तेच काम बोट न लावता करते.

११ जानेवारी

हिला फोन केला. कॉम्प्युटरचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, पण "मग?" काही म्हणाली नाही. मागे नातीची बडबड चालली होती, लक्ष तिकडे असणार. "कधी येतेस?" विचारलं. "बघू," म्हणाली. मग लेकीने फोन घेतला. "बाबा, तुम्हीच या ना थोडे दिवस." तिला काय, नातीला खेळवायला अजून दोन हात हवेत. म्हटलं, इथं कारखाना आहे माझा, असा उठून कसा येऊ?

घर फार शांत झालंय. ही रोज संध्याकाळी माझा शर्ट कागदावर झटकायची. चांदीचा कीस पडायचा, तो डबीत ठेवायची. आता शर्ट तसाच बादलीत जातो. आज मुद्दाम झटकून बघितला. कीस पडला, पण डबी कुठे ठेवते ते माहीत नाही. कागदाची पुडी करून फडताळात टाकली.

१५ जानेवारी

आज मालकीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. एका मोठ्या दुकानाला कानातल्यांचे नवे प्रकार हवेत, वर्षभर पुरेल एवढं काम आहे. दुकानाच्या बाईंनी एक चित्र दिलंय: निमुळतं पान आणि त्याच्या टोकाला लोंबणारा थेंब. एक जोड मी हाताने करायचा, एक तिने कॉम्प्युटरवर. बाई स्वतः कानात घालून बघणार आणि जो आवडेल त्या पद्धतीने पुढचं सगळं काम होणार.

"आणि दुसऱ्याचं काय?" मी विचारलं.

मालकीणबाई कपातल्या चहाकडे बघत राहिल्या. "दोन्ही सांभाळणं आता नाही जमणार, काका. तुम्हाला सगळं कळतं."

कळतं खरं. पण खरं सांगू? घाबरायच्या ऐवजी मला हुरूपच आला. म्हटलं, हे काम मिळालं की हिला हक्काने बोलवायचं. वर्षभराचे कानातले म्हणजे कान हवा आणि कान म्हणजे ही. आजवर एकही कानातलं हिच्या कानात गेल्याशिवाय मी पुढे दिलेलं नाही. टेबलावर कितीही देखणं दिसलं तरी कानात गेल्यावर त्याचं खरं रूप कळतं. पुढे झुकतंय का, गालाला टेकतंय का, मान वळवली की गर्रकन फिरतंय का. ही ओट्याशी उभी असली तरी मी मागून जाऊन घालायचो. "हलू नकोस" म्हणायचो. दूध उतू गेलं तरी हलायची नाही, अशी गुणाची.

१६ जानेवारी

फोन केला. म्हटलं, तुझा कान हवाय.

"कान होय?" म्हणाली. मग, "हल्ली मी कानात काही घालतच नाही. मोकळेच बरे वाटतात."

नात ओढत असणार. लहान पोरांना लोंबतं दिसलं की हात जातोच. म्हटलं, बरोबर आहे तुझं, इकडे आलीस की घाल. काम मिळालं की लगेच निघ, मी तिकीट काढतो. त्यावर म्हणाली, "तुम्ही जेवता ना वेळेवर?" म्हणजे येणार बहुतेक.

२० जानेवारी

मेण सुरेख उतरलं. सकाळी दार उघडून उंबऱ्याशीच बसलो, उजेडासाठी. येणारे-जाणारे पाय वाचवत जात होते. पानाची मधली शीर कोरताना श्वास धरायला लागतो. ती एकदा जमली की बाजूच्या शिरा आपोआप निघतात, कोरणीला वाट सापडते. किती दिवसांनी असा बसलो! कोणी हाक मारली तरी ऐकू आली नाही. पॉलिशवाला म्हणतो, चहा दोनदा समोर ठेवून दोनदा परत नेला.

कॉम्प्युटरवालीचं पान दुपारी यंत्रातून छापूनही निघालं. कागदावर नाही, हातात धरता येईल असं घट्ट. निळं, खडीसाखरेसारखं. भिंगाखाली धरलं तर कडेला बारीक बारीक पायऱ्या. मला बरं वाटलं, लपवत नाही. तिला दाखवल्या. "अय्यो, हो की!" म्हणाली आणि पानाची दिशा बदलून पुन्हा छापायला लावलं. संध्याकाळपर्यंत पायऱ्या गायब. शिकवायचीच हौस मला.

२४ जानेवारी

चांदीत ओतून झालं. आता कानात घालून बघायची वेळ आणि कान तर तिकडे. कॉम्प्युटरवाली म्हणाली, "काका, माझ्या कानात बघा ना. भरपूर जागा आहे." चांगल्या मनाने म्हणाली. पण नको म्हटलं. परक्या कानात मला काही कळत नाही.

मग पॉलिशवाला पुढे झाला. त्याच्या कानात भोकच नाही, तरी पान पाळीला धरून मान वेळावत उभा राहिला. कानावर केस हे एवढे! म्हणतो, "कसा दिसतोय, अहो, सांगा ना." मालकीणबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं आणि मग ते थांबेचना. नाक शिंकरायला बाहेर गेलो.

हिची फार आठवण येते. लिहून टाकतो, इथं कोण वाचणार आहे?

२८ जानेवारी

जोड पुरा झाला. शेवटचं काम आकड्यांचं. कानातून जाते ती तार किती लांब ठेवायची आणि कशी वळवायची, यावर सगळं लोंबणं अवलंबून. एरवी हे मी एकाच कानातल्याचं करतो. दुसरं साच्यातून निघतं, आकड्या मागाहून कारखान्यात एका मापाने बसतात. यावेळी अख्खा जोड माझ्याच हातचा.

डोळे मिटले आणि ही ओट्याशी पाठमोरी उभी आहे असं समोर आणलं. अगदी लख्ख दिसली. आधी डावा कान, मग उजवा. आकड्या वळवल्या, एकदाच. पुन्हा हात लावला नाही. मापाचा कॅलिपर तर घेतलाच नाही, कशाला घ्यायचा? इतका चांगला जोड माझ्या हातून आजवर झालेला नाही. हिला दाखवायला हवा होता.

२ फेब्रुवारी

हरलो.

आधी सगळं छान चाललं होतं. दुकानाच्या बाईंनी दोन्ही जोड मखमलीवर ठेवून पाहिले आणि बोट माझ्या जोडावर ठेवलं. "याच्यात जीव आहे," म्हणाल्या. कॉम्प्युटरवालीनेसुद्धा मान डोलावली. मग त्यांनी कानात घातले, आरशासमोर गेल्या आणि कपाळाला आठी घातली. "वर-खाली आहेत हो."

म्हटलं, शक्यच नाही. तुमची मान तिरपी असेल. गिऱ्हाइकाला मान तिरपी आहे म्हणालो मी! मालकीणबाईंनी डोळे वटारले. कॉम्प्युटरवालीने कॅलिपर आणला. उजवी आकडी डावीपेक्षा आखूड. केसभर वगैरे नाही, चांगली दिसेल इतकी. मी म्हटलं, कॅलिपर बिघडलाय. तिने मुकाट्याने तो माझ्या हातात दिला. मी मापलं. आखूड.

तिचा जोड अगदी एकसारखा. एक पान करायचं आणि पडद्यावर उलटवायचं, की दुसरं तयार. जरा पुढे झुकत होतं खरं, पण बाई म्हणाल्या, तेवढं सुधारून द्या. झालं. मी टेबलावर येऊन बसलो. पॉलिशवाल्याने एकही विनोद केला नाही, त्यावरून कळलं की किती वाईट झालंय.

३ फेब्रुवारी

आज दाढी करताना एकदम कळलं. साबण तोंडाला तसाच ठेवून ओरडलो, "अरे, हिचा कान!"

लेक तान्ही असताना तिने हिचं उजव्या कानातलं ओढलं होतं. भोक खालपर्यंत ताणलं गेलं, मग तसंच भरलं. तेव्हापासून उजवं भोक डाव्याच्या खाली आहे. हिच्या कानात सरळ दिसायला उजवी आकडी आखूडच हवी! म्हणजे माझा हात चुकलेलाच नाही. हाताने बरोबर माप घेतलं, फक्त दुकानाच्या बाईंच्या कानाचं नाही. इतकं हलकं वाटलं! काम गेलं ते गेलं, पण हात शाबूत आहे.

साबण पुसला आणि लगेच फोन लावला. म्हटलं, ऐक, तुझ्या कानाने मला हरवलं. सगळं सांगितलं, डोळे मिटून आकड्या वळवल्या तेही. म्हटलं, तू इथं नसताना तुझा कान मला इतका पाठ आहे, आहेस कुठे!

तिकडून नाक ओढल्यासारखं ऐकू आलं. मला वाटलं सर्दी झालीये.

"आणि?" म्हणाली.

"आणि काय? झालं की सगळं सांगून."

"बरं," म्हणाली. "ठेवते, ही उठलीये."

नात उठली असती तर आवाज आला असता. रडत होती का? नात नाही, ही. मी हरल्याचं वाईट वाटलं असेल तिला. तिचं माझ्या कामावर फार प्रेम होतं पहिल्यापासून.

६ फेब्रुवारी

मालकीणबाईंनी बोलावून सांगितलं. नमुने यापुढे कॉम्प्युटरवर. मला यायचं असेल तर मी येत राहावं, ओतून आलेलं तपासायचं, साफ करायचं, मुलीला दोन गोष्टी सांगायच्या. टेबल राहील. त्यांचा आवाज इतका मऊ होता की मलाच त्यांची समजूत घालावीशी वाटली.

कॉम्प्युटरवाली दुपारी खुर्ची ओढून माझ्याजवळ आली. "काका, माझं पान पुढे का झुकतं?" मनात आलं, सांगू नये. पण हाताला राहवेना. पान बोटावर तोलून दाखवलं. म्हटलं, जड बाजू पुढे आलीये, वरची कडी मागे घे, अगदी थोडी. तिने पडद्यावर कडी मागे नेली. झालं! मला यासाठी कडी कापून पुन्हा जोडायला लागली असती, अख्खा दिवस गेला असता. वाईट याचं वाटलं की फारसं वाईट वाटलं नाही. तिला म्हटलं, छापून झालं की कोणाच्या तरी कानात घालून बघ. ती म्हणाली, "माझ्यातच बघते, भरपूर जागा आहे." आणि आम्ही दोघंही हसलो.

मग टेबल आवरलं. हिला बोलवायला आता काही कारण उरलं नाही, हे आवरता आवरता लक्षात आलं. काम असेल तरच बोलवायचं, असं कोणी सांगितलं होतं? पण कामाशिवाय बोलवायचं तर काय सांगून बोलवायचं? मालकीणबाईंकडे सुट्टी मागितली. तो जोडही मागून घेतला. म्हणाल्या, न्या हो, तुमचाच आहे.

११ फेब्रुवारी

लेकीकडे पोचलो. बसमध्ये पूर्ण वेळ डबी खिशात धरून होतो. लेकीने दार उघडलं आणि गळ्यातच पडली. नातीने मला बघून भोकाड पसरलं. ही आतून हात पुसत आली. "आलात? पाय धुऊन घ्या." तेच शब्द, तोच आवाज. पाय धुताना मला हुंदका आला, नळ सोडून ठेवला.

बारीक झालीये का जाड, कळेना. काहीतरी बदललंय. कान मोकळे आहेत, ते लगेच दिसलं.

१२ फेब्रुवारी

दुपारी लेक आणि जावई बाहेर गेले, नात झोपली. डबी काढून हिच्या हातात दिली. हिने दोन्ही पानं तळहातावर घेऊन बराच वेळ बघितली. बोटाने शिरा चाचपल्या. "सुरेख झालीयेत," म्हणाली. मनापासून म्हणाली, मला कळतं.

"थांब, मीच घालतो. हलू नकोस." मी उठलो आणि मागे जायला लागलो.

ही बाजूला सरकली. इतक्या वर्षांत ही कधी सरकली नव्हती.

"नको."

"अगं, तुझ्याच मापाचे आहेत. दुसऱ्या कोणाला बसणारच नाहीत."

"म्हणून नको. बसा तुम्ही. मागे नाही, इथे समोर बसा."

बसलो. समोरासमोर बसून काय बोलायचं ते सुचेना. ही माझ्याकडे बघत होती. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून पॉलिशवाल्याचं सांगितलं. त्याचा केसाळ कान, त्यावर चांदीचं पान, "कसा दिसतोय, अहो". मीही मान वेळावून दाखवली. ही हसायला लागली. नात उठेल म्हणून तोंडावर हात धरला, पण हसू आवरेना, मग हात काढून मान मागे टाकून हसली. आणि मला वरच्या बाजूला, डावीकडे, फट दिसली.

"अगं, तुझा दात?"

"काढला."

"कधी?"

"दोन वर्षं होतील आता."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हीच तर आला होतात दवाखान्यात," ही म्हणाली. रागाने नाही, हसता हसताच म्हणाली. "बाहेर बाकावर बसून मेण कोरत होतात. येताना सगळा रस्ता तोंडात कापूस धरून मी तुमचं ऐकत आले, कुठलातरी मोर होता."

मोर मला आठवतोय. मानेचा बाक काही केल्या जमत नव्हता. कापूस आठवत नाही.

एवढ्यात नात उठली आणि ही आत गेली. पानं टीपॉयवर राहिली. मी इथे बसून लिहितोय. मघाशी डोळे मिटून बघितलं. दोन्ही कान येतात, भोकासकट, पाळीच्या घडीसकट, डावा आणि उजवा. पण त्या दोन कानांच्या मधला चेहरा येत नाही. हसताना कशी दिसली, हे आत्ता बघितलेलंसुद्धा नीट येत नाही.

ही पलीकडच्याच खोलीत आहे. नातीला थोपटतेय, हाताचा आवाज इथपर्यंत येतोय. बोलावलं तर येईल. आणि कारखान्यातून रिकाम्या घरी जाताना यायची, त्याहून कितीतरी जास्त मला तिची आठवण येतेय.